शुद्धिपत्र नसलेलं बीजगणित

भिंगकाकांना अर्थाची चीड होती. माणूस अर्थ वाचायला लागला की त्याला अक्षर दिसेनासं होतं, असं त्यांचं म्हणणं. छापखान्यातल्या माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक पान टाकलं आणि म्हणाले, "यात काय लिहिलंय ते मला नको. काय छापलंय ते सांग." मी तेव्हा बावीसची, नुकतीच पदवी घेतलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. मनात म्हटलं, हे काहीतरी सटकलेलं प्रकरण दिसतंय. पान वाचून मी सांगितलं, सगळं ठीक आहे. त्यांनी लाल पेनाने सात खुणा केल्या आणि पान परत माझ्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसले.

वरच्या मजल्यावर खिडकीला लागून आमचं लांब टेबल होतं. खाली यंत्रं सुरू झाली की टेबलावरची टाचण्यांची डबी थरथरत काठाकडे सरकायची आणि काका मान वर न करता ती मागे ढकलायचे. प्रुफं तपासणं हे त्यांचं काम, तीस वर्षांचं. त्यांच्या हातात भिंग मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा डोळाच तसा होता म्हणून कोणीतरी फार पूर्वी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मालकसुद्धा त्यांना अहो भिंगकाका म्हणायचे, वयाने मोठे असून.

त्यांची कामाची एक रीत होती आणि ती मोडलेली त्यांना खपायची नाही. एका दिवशी फक्त अक्षरं, दुसऱ्या दिवशी फक्त आकडे. गणिताचं पुस्तक असलं की अक्षरांच्या दिवशी ते चिन्हांवरून नजर उडवत जायचे आणि आकड्यांच्या दिवशी शब्दांकडे ढुंकून बघायचे नाहीत. दोन्ही एकदम वाचलं तर मन गोष्टीत गुंततं आणि हात ढिला पडतो, असा त्यांचा अनुभव. काकू, म्हणजे त्यांची बायको, यावर म्हणायच्या, "आमच्या घरी पत्र आलं तरी तेच. पहिल्या दिवशी हे त्यातल्या चुका काढतात. दुसऱ्या दिवशी आम्हाला कळतं, की कोणीतरी वारलंय."

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगितली तर तो हसेल. आमच्या छापखान्यात पुस्तकाचं शेवटचं पान शुद्धिपत्रासाठी राखून ठेवत. पुस्तक फर्म्याफर्म्याने, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या कागदांनी छापलं जायचं, शेवटचा फर्मा सगळ्यात शेवटी. तोवर आधीच्या छापलेल्या कागदांत जेवढ्या चुका सापडतील त्या या पानावर जायच्या: डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. काकांना एक पुस्तक असं हवं होतं, की ज्याचं हे पान कोरं निघेल. तीस वर्षांत निघालं नव्हतं. कधी तीन चुका, कधी एक. एकदा सगळं पुस्तक निर्मळ निघालं आणि लेखकाचंच नाव मुखपृष्ठावर चुकलं. काका त्या दिवशी डबा न खाता घरी गेले.

मग त्यांचे डोळे गेले.

एकदम नाही. मला आधी दिसलं ते एवढंच, की ते मान तिरकी करून वाचायला लागलेत, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. मी चेष्टा केली. चेष्टा केली याचं अजून वाईट वाटतं. महिनाभराने ते जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "ज्याच्याकडे बघतो तेच नाहीसं होतं गं. बाजूचं सगळं लख्ख दिसतं." डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग धरतोय, तो वाढत जाणार, औषध नाही. वर धीर दिला होता, की पूर्ण आंधळे होणार नाही तुम्ही, कडेचं दिसत राहील.

"कडेचं दिसून काय करू?" काका म्हणाले. "जन्मभर समासच वाचत बसू का?"

मी हसले आणि मग मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की मालकांना एवढ्यात सांगायचं नाही. एका प्राध्यापकांचं बीजगणिताचं पुस्तक नुकतंच छापायला आलं होतं. हे शेवटचं पुस्तक, एवढं होऊ दे, मग मी आपणहून उठतो, असं ते म्हणाले. हे पुस्तक त्यांना कोरं काढायचं होतं. डोळे असताना जे जमलं नाही, ते डोळे जाताना करून दाखवायचं होतं. मी हो म्हटलं. त्यांना नाही म्हणण्याची मला सवयच नव्हती.

तेव्हापासून मी दोघांचं काम करू लागले. माझी पानं बाजूला ठेवून त्यांची पानं हळू आवाजात वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच बोट वर करायचे. बीजगणित असं वाचणं म्हणजे शिक्षा. एक्सचा घात चार, वायचा घात दोन, अधिक, कंस, कंस पुरा. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसायचा. माझी स्वतःची कामं साठत चालली होती, मालक टोमणे मारत होते, आणि पुस्तक चारशे पानांचं होतं.

सहावं प्रकरण आलं आणि काकांच्या चेहऱ्यावर कळा आली. ते प्रकरण समघाती बहुपदींचं होतं. प्राध्यापक स्वतः एकदा वर येऊन आम्हाला समजावून गेले होते, कारण काकांनी अर्थ नको म्हटलं तरी त्यांना राहवत नसे. बहुपदीच्या एकेका पदातले सगळे घात मिळवायचे. प्रत्येक पदाची बेरीज सारखी आली की ती समघाती. एक्सचा वर्ग, एक्स वाय, वायचा वर्ग: पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक आणि एक दोन, तिसऱ्यात दोन. मग एक्स आणि वाय दोन्ही दुप्पट करा, सगळी पदं सारखीच, चौपट होतात. कोणी मागे राहत नाही, कोणी पुढे पळत नाही. आणि अशा बहुपदीत सुटा आकडा कधी नसतो, कारण त्याला घातच नाही. तो दिसला तर ती समघाती नव्हे.

"इतकं सरळ घर मी कुठे पाहिलं नाही," काका नंतर मला म्हणाले.

आता त्याचा त्यांनी वेगळाच उपयोग शोधून काढला. एक पान माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे बघ. पहिलं पद एक्सचा घात पाच. दुसऱ्यात एक्सवर दोन दिसतोय आणि वायवर डाग. डाग किती?"

"तीन," मी म्हटलं.

"मग? मला बघायची गरज काय? कडेच्या पदाकडून मधलं पद कळतं."

खरंच कळत होतं. मी दहा ओळी पडताळून पाहिल्या, एकही चुकली नाही. वर चढवलेला बारीक दोन आणि बारीक तीन यांत चांगल्या डोळ्यांचा माणूसही फसतो, पण हा माणूस न बघता सांगत होता. एका ओळीत तर डीटीपीवाल्याने खरोखरच चूक केली होती, तीही त्यांनी बेरजेवरून पकडली. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. "हे प्रकरण मी एकटा करणार," ते म्हणाले. "शब्द मोठे असतात, ते अजून तिरक्या मानेने लागतात. तू तुझं बघ."

माझा जीव भांड्यात पडला. हे मला सांगायलाच हवं. मला त्यांचं कौतुक वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त मला सुटल्यासारखं झालं. छापखान्याच्या नियमाप्रमाणे शेवटच्या प्रुफावर दोघांच्या सह्या लागत. सहाव्या प्रकरणाच्या सव्वीस पानांवर मी खाली 'पाहिले' लिहून सही केली आणि पडताळलेलं ते एक पान सोडलं तर त्यातलं एकही पान पाहिलं नाही.

शेवटचा फर्मा सोडून पुस्तक छापून आलं. छापलेले कागद प्राध्यापकांकडे गेले, ते त्यांनी वाचून परत पाठवले, एकही चूक नाही. लेखकाला आपण लिहिलेलंच दिसतं, छापलेलं नाही, हे काका मला वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवशी मात्र दोघांपैकी कोणालाच ते आठवलं नाही. मालकांनी विचारलं, शेवटच्या पानावर काय घालायचं? काका म्हणाले, "काही नाही." खालच्या यंत्रवाल्याने तो फर्मा हातात घेऊन वर आणला, आम्हाला दाखवायला. कोरं पान. त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं आणि आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. काका मान तिरकी करून बघत होते. पुढच्या महिन्यात ते ठरल्याप्रमाणे उठले.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी जायचे. दोन खोल्या, तिसरा मजला, दारासमोर पाण्याची टाकी. काका खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेले असायचे, रस्त्याकडे तोंड आणि नजर भलतीकडे. डाग वाढत गेला होता. आधी काकूंचा चेहरा गेला, मग हातातली भाकरी, मग दाराची चौकट. बीजगणित फळीवर असायचं. कोणी आलं की ते काढायला सांगायचे आणि शेवटचं पान उघडून त्यावरून तळहात फिरवायचे. काकू म्हणायच्या, "लोक पुस्तक वाचतात. आमचे हे कोरं पान वाचतात." पण म्हणताना त्या पुस्तकाची धूळ पदराने पुसायच्या. या घरात दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

जवळजवळ अडीच वर्षांनी मालकांनी छापखाना आवरायला काढला. टेबलं विकायची म्हणून मी काकांचा खण रिकामा करत होते. जुनी निबं, दोऱ्याचं रीळ, आणि तळाशी एक बंद पाकीट. वर बीजगणिताचं नाव आणि खाली 'मुद्रितशोधक यांस'. मालकांना विचारलं तर म्हणाले, "हो, ते आलं होतं कधीतरी. म्हटलं भिंगकाका येतील तेव्हा नेतील." टपालाचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा होता, काकांनी काम सोडल्यानंतर जेमतेम पाच महिन्यांचा.

प्रुफं तपासणाऱ्याला कधी कोणी पत्र लिहितं का? लेखकाला लिहितात, प्रकाशकाला लिहितात. मला इतका आनंद झाला, की मी ते फोडलंसुद्धा नाही. म्हटलं, त्यांच्यासमोरच फोडू, त्यांनाच पहिल्यांदा ऐकू दे. आजवर केलेल्या मूर्खपणांत याचा नंबर वरचा आहे.

काकू हात पुसत येऊन बसल्या. काकांनी खुर्ची वळवून घेतली, शर्टाची वरची गुंडी लावली. मी पाकीट फोडलं आणि मोठ्या आवाजात वाचायला लागले.

"आदरणीय महोदय, मी अकरावीत शिकते. तुमचं नाव पुस्तकात नाही, म्हणून असं लिहिते. तुमच्या पुस्तकात मला एकही चूक सापडली नाही..."

"ऐकलंस?" काका काकूंना म्हणाले.

पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी ती उडी मारून ओलांडली. "तुमच्या कामाबद्दल मला आदर वाटतो," असं काहीतरी मनाने रचून म्हटलं.

काकांनी बोट वर केलं. मग अगदी कामावरच्या आवाजात म्हणाले, "ओळ गाळलीस."

"नाही हो काका."

"वाक्य तुझं आहे. तिचं नाही. परत घे."

अकरा वर्षं त्यांनी माझा आवाज ऐकला होता. मी परत घेतलं.

मुलीने लिहिलं होतं, की सहाव्या प्रकरणातल्या सातव्या प्रश्नापाशी ती तीन आठवडे अडलीय. खालीलपैकी कोणती बहुपदी समघाती नाही, असा प्रश्न आहे. मागे उत्तर 'क' दिलंय. "पण 'क' मी किती वेळा मांडून पाहिला तरी तिन्ही पदांत बेरीज पाचच येते. बाकीच्याही सगळ्या समघातीच येतात. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, या पुस्तकाला शुद्धिपत्रच नाही, ते पान कोरं आहे बघ, म्हणजे पुस्तकात चूक नाही, तुझी बेरीज चुकते. वर्गात सगळे हसले. मला आजवर गणित येतं असं वाटायचं. या साध्या बेरजेतही माझं काय चुकतं ते मला दिसत नाही, तर पुढे काय दिसणार? घरचे म्हणतात विषय बदल. मी महिनाभर तुमच्या उत्तराची वाट बघेन. उत्तर आलं नाही, तर चूक माझीच आहे असं समजेन."

खाली सही आणि पत्ता होता. रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत चाललं होतं.

"'क' वाच," काका म्हणाले. "पुस्तकातून."

मी फळीवरून पुस्तक काढलं. "एक्सचा घात पाच, अधिक एक्सचा घात दोन वायचा घात तीन, अधिक वायचा घात पाच."

"पाच, पाच, पाच," ते म्हणाले. मग पुस्तकाकडे हात करून, "तिथे दोन होता. डीटीपीवाल्याने दोनच घातला असणार, बरोबर. मला डाग दिसला. मी तीन केला."

ते पान त्यांनी तपासलं तो दिवस आकड्यांचा होता. वरचा प्रश्न शब्दांत होता, तो आदल्या दिवशी तपासून झाला होता. मागच्या उत्तरांत नुसतं 'क' हे अक्षर होतं, तेही अक्षरांच्या दिवशी झालं होतं. प्रश्न आणि बहुपदी ही दोन्ही एकाच वेळी ज्याने वाचली असती, त्याच्या ते चटकन ध्यानात आलं असतं. तसं वाचणारी तीच एक मुलगी निघाली.

"काका, सही माझीही होती," मी म्हटलं.

"वाचलं होतंस?"

"नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि विचारलं, "महिना कधी संपला?" मी शिक्का पाहून हिशोब सांगितला. तेवीस महिन्यांपूर्वी.

मी त्याच दिवशी मुलीला पत्र लिहिलं. काकांनी सांगितलं तसं, दोन ओळींत: तुमची बेरीज बरोबर आहे, चूक आमची आहे. वीस दिवसांनी पाकीट परत आलं, वर शेरा होता, की कुटुंब या पत्त्यावर राहत नाही. मी मालकांकडे गेले, पुस्तकात एक चिठ्ठी तरी घालू या म्हणून. ते म्हणाले, "कशात घालणार? अभ्यासक्रम बदलला. उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या." मुलीने कोणता विषय घेतला, ती कुठे आहे, हे कळायचा काही मार्ग नाही. तिने महिनाभर वाट पाहिली असणार, आणि मग तिने तेच समजून घेतलं असणार जे समजेन असं लिहिलं होतं. तिच्या सरांनी तरी काय वेगळं केलं? आम्ही कोरं पान दिलं, त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

परत आलेलं पाकीट मी काकांपासून लपवलं नाही. खोटं वाचलं की त्यांना कळतं. त्यांनी ते हातात घेतलं, चाचपलं आणि काकूंना म्हणाले, "पुस्तक काढ."

मग मला पेन घ्यायला सांगितलं. लालच हवं होतं. शेवटचं पान उघडून त्यांनी मजकूर सांगितला आणि मी त्या कोऱ्या पानावर, मधोमध, सावकाश लिहिला. शुद्धिपत्र. प्रकरण सहा, प्रश्न सात, 'क'. मधलं पद. अशुद्ध: वायचा घात तीन. शुद्ध: वायचा घात दोन. दुसरी ओळ त्यांनी सांगितली नाही. सांगण्यासारखी दुसरी चूक नव्हती.

"वाच."

मी वाचलं.

"आता सही कर. आणि माझी जागा दाखव."

मी माझी सही केली आणि त्यांचा हात धरून पेनाचं टोक मजकुराच्या खाली, उजव्या कोपऱ्यात टेकवलं. हात सोडला. त्यांची सही पूर्वी फार देखणी होती, लांब आणि एका फटकाऱ्यात येणारी. त्यांनी तशीच केली. पण हात वर चढला, आणि तो सगळा लाल फटकारा माझ्या शेवटच्या ओळीवरून गेला. 'शुद्ध' एवढं दिसत होतं. पुढचा आकडा शाईखाली गेला होता, दोन की तीन ते मलाही वाचता येत नव्हतं.

काकूंनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काकांनी टोपण लावून पेन माझ्याकडे दिलं. "नीट बसली ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका," मी म्हटलं. "नीट बसली."